परक्याचे गीत आणि आपला वाटा

वाचकहो, एकशे सदतिसावे स्तोत्र आपण पुष्कळदा वाचले असेल. बाबेलच्या नद्यांकाठी बसलेले बंदिवान, झाडांना टांगून ठेवलेल्या वीणा, आणि त्यांना पकडून आणणाऱ्यांची ती विचित्र मागणी, की तुमच्या सीयोनातले एखादे गाणे आम्हांला ऐकवा. या स्तोत्रावरील प्रवचन ऐकताना आपण आपोआप बंदिवानांच्या पंगतीत जाऊन बसतो. मागणी करणाऱ्यांच्या जागी स्वतःला ठेवून हे स्तोत्र सहसा कोणी वाचत नाही. तरीही त्या लोकांविषयी एक प्रश्न विचारण्याजोगा आहे. सोनेनाणे, मंदिरातील पात्रे, घरेदारे त्यांनी आधीच लुटली होती. आता त्यांना फक्त गाणे हवे होते. दुसऱ्याचे गाणे आवडणे हा काय अपराध आहे?

हा प्रश्न स्तोत्राच्या अर्थापुरता उरत नाही. ज्याला आपण हौस, छंद किंवा विरंगुळा म्हणतो त्या साध्या गोष्टींतही तो उभा राहतो. दुसऱ्या लोकांची गाणी, नृत्ये, अन्न, फुले यांत आनंद मानण्याचा अधिकार आपल्याला आहे काय? असल्यास तो कशाने प्राप्त होतो? पैशाने, आवडीने, की आणखी कशाने? एका दांपत्याच्या साध्या जीवनक्रमाच्या आधारे या प्रश्नाचा विचार आपल्यापुढे मांडावा असे वाटते.

हिलोतील एक घर

भाषांतराच्या कामातून ज्यांच्याशी माझा परिचय झाला ते एक अमेरिकन गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी निवृत्तीनंतर हवाई बेटांवर स्थायिक झाले. गृहस्थ भाषाशास्त्राचे अध्यापक होते, बाई परिचारिका. पॅसिफिक महासागराच्या मध्यावर वसलेल्या या द्वीपसमूहातील सर्वांत मोठ्या बेटाचे नावही हवाईच आहे, आणि त्याच्या पूर्व किनाऱ्यावर हिलो हे गाव आहे. तेथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आपल्या कोकणाएवढाच म्हणा, पण तो चार महिन्यांत उरकत नाही, बारा महिने पडत राहतो. परसात अळू, केळी, चाफा आणि मोगरा. कोकणातला माणूस तेथे उतरला, तर आपण परदेशी आलो आहोत हे त्याला क्षणभर खरे वाटणार नाही.

पत्रांतून त्यांचा आठवडा मला जवळजवळ पाठ झाला आहे. सोमवारी आणि गुरुवारी सायंकाळी बाईंचा हुला नृत्याचा वर्ग असतो. मंगळवारी शेजाऱ्यांच्या पडवीत चारपाच मंडळी वाद्ये घेऊन जमतात. गृहस्थ तेथे उकुलेले वाजवतात. चार तारांचे हे लहानसे वाद्य हवाईचे म्हणून जगभर ओळखले जाते. परंतु त्याचा पूर्वज १८७९ साली पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून उसाच्या मळ्यांत काम करण्यासाठी आलेल्या लोकांबरोबर तेथे पोहोचला. बुधवारी दोघेही हवाईयन भाषा शिकतात. महिन्यातील एका शनिवारी गावकऱ्यांबरोबर अळूच्या खाचरात उतरून चिखल तुडवतात. रविवारी १८५९ साली बांधलेल्या हाइली चर्चमध्ये उपासना असते, आणि तेथे हवाईयन भाषेतील गीते गायली जातात. उरलेल्या वेळात बाई गोधडी शिवतात.

यावर कोणी म्हणेल, खाऊनपिऊन सुखी असलेल्या माणसांचा हा वेळ घालवण्याचा उद्योग. त्यात नैतिक प्रश्न कसला? पण आपल्या भाषेतील छंद हा शब्दच पाहा. त्याचा एक अर्थ आपल्या मनाची ओढ, जशी स्वच्छंद या शब्दात आहे. दुसरा अर्थ वृत्त, म्हणजे कवितेचे मोजलेले, नियमबद्ध पाऊल. मनाच्या ओढीने सुरू झालेली गोष्ट कोणत्यातरी नियमापुढे नम्र झाली म्हणजेच तिला खऱ्या अर्थाने छंद म्हणावे. या दांपत्याच्या बाबतीत तो नियम त्यांना परक्यांकडून घ्यावा लागला, आणि तेथेच आपल्या प्रश्नाचा आरंभ होतो.

दाराबाहेरची विनंती

हुलाच्या शाळेला हालाऊ म्हणतात आणि गुरूला कुमू. कुमू या शब्दाचा अर्थ झाडाचे खोड किंवा मूळ असाही होतो. वर्गाच्या आरंभी शिष्य दाराबाहेर उभे राहून एक पठण करतात. त्यात आत येण्याची परवानगी मागितलेली असते. आतून कुमूने पठणातच उत्तर दिले, म्हणजे पाय उंबरठ्याच्या आत टाकायचा. बाईंनी लिहिले होते की पहिले काही महिने हा उपचार त्यांना नाटकी वाटे. वर्गाची वेळ ठरलेली आहे, दार उघडे आहे, मग रोज विचारायचे कशाला? पुढे त्यांच्या ध्यानात आले की रोज विचारणे हाच त्या शिक्षणाचा पहिला धडा आहे. काल मिळालेली परवानगी आज गृहीत धरायची नाही.

फुलांच्या बाबतीतही हेच. हवाईत गळ्यात घालावयाच्या हाराला लेई म्हणतात. मोगऱ्याचा लेई तेथे फार मानाचा समजतात. आपल्याकडे शनिवारी मारुतीला वाहतात त्या रुईच्या फुलांचाही लेई होतो, आणि ते फूल लिलिउओकलानी राणीचे आवडते होते असे सांगतात. दिलेला लेई नाकारायचा नाही. देणाऱ्यादेखत तो गळ्यातून काढायचा नाही. सुकल्यावर केरात न टाकता मातीला परत द्यायचा. रानातून पाने आणताना एकच वेल ओरबाडायचा नाही. थोडे येथून, थोडे तेथून घ्यायचे. ओहिआ नावाच्या वृक्षाचे लाल लेहुआ फूल तर हुला करणाऱ्यांना जिवापलीकडचे. परंतु २०१४ साली त्या वृक्षाला मारणारा बुरशीचा रोग ओळखला गेला, तेव्हा रोग पसरू नये म्हणून अनेक हालाऊंनी ते फूल वापरणे थांबवले. ज्यावर सर्वांत अधिक प्रेम, तेच गळ्यात घालायचे नाही. प्रेमाची ही कसोटी शास्त्राच्या अभ्यासकाला परकी वाटू नये. शेताच्या कडा कापू नका, गळलेले वेचू नका, ते गरिबासाठी आणि परदेशीयासाठी राहू द्या, अशी आज्ञा लेवीयच्या पुस्तकात आहे. घेण्याचे सामर्थ्य असताना न घेणे, हाही संबंध जोडण्याचाच एक मार्ग आहे.

गोधडीची कथा याहून उद्बोधक आहे. कापडाचे तुकडे जोडून रजई शिवण्याची कला १८२० साली अमेरिकन मिशनऱ्यांच्या पत्नींनी तेथे नेली. हवाईयन स्त्रियांनी ती शिकून घेतली आणि तिला आपलेसे रूप दिले. अख्ख्या कापडाची घडी घालून त्यातून विलायती फणसाच्या किंवा इतर झाडांच्या पानाफुलांची एकच मोठी आकृती कापायची आणि ती दुसऱ्या रंगाच्या कापडावर शिवायची. ही आकृती त्या त्या घराण्याची मानली जाते; विचारल्यावाचून तिची नक्कल करणे हे चोरीसारखेच. म्हणजे पाहुण्यांनी दिलेली कला यजमानांची झाली, आणि आज पाहुण्यांच्या देशातील एक स्त्री ती यजमानांकडून परवानगीने शिकत आहे. संस्कृती बंद पेटीत ठेवल्याने टिकते असे नाही, हे यावरून दिसते. देवघेव झालीच पाहिजे. प्रश्न देवघेवीच्या रीतीचा आहे.

इतिहासाचे ओझे

ही रीत एवढी कसोशीने का पाळावी लागते, हे समजण्यासाठी थोडा इतिहास पाहिला पाहिजे. तो आपल्याला अगदीच परका नाही. ज्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ साली मुंबईत उतरले, त्याच बोर्डाची मंडळी १८२० साली हवाईत पोहोचली. मराठी नवा करार या मिशनने १८२६ साली छापला. हवाईयन नवा करार १८३२ साली आणि संपूर्ण पवित्र शास्त्र १८३९ साली पूर्ण झाले. देवाच्या प्रीतीसाठी त्या भाषांतरकारांनी निवडलेला शब्द होता अलोहा. आज तो शब्द पर्यटकांच्या सदऱ्यांवर आणि चहाच्या पेल्यांवर छापलेला आढळतो.

त्याच काळात हुलाला पाखंड व अनीती ठरवण्यात आले. ख्रिस्ती झालेल्या काआहुमानू राणीने १८३० साली सार्वजनिक हुलावर बंदी घातली. कालाकाउआ राजाने १८८३ च्या राज्याभिषेकात हुलाला पुन्हा मानाने उभे केले, तेव्हा त्याच्यावर कठोर टीका झाली. पुढे १७ जानेवारी १८९३ रोजी लिलिउओकलानी राणीचे राज्य उलथून टाकण्यात आले. ते उलथणाऱ्या पुढाऱ्यांत मिशनऱ्यांचे पुत्र व नातूही होते, हे आपण ख्रिस्ती लोकांनी विसरू नये. १८९६ च्या कायद्याने शाळांचे माध्यम इंग्रजी झाले आणि १८९८ साली बेटे अमेरिकेत सामील करण्यात आली. ज्या नृत्याला पाप म्हटले, तेच पुढे पर्यटकांसाठी विकाऊ माल झाले. वायकीकीमध्ये १९३७ पासून २००२ पर्यंत चाललेल्या कोडॅक हुला शोमध्ये प्रेक्षक छायाचित्रे घेत आणि नर्तकी त्यांच्यासाठी नाचत. त्यातून अनेकींना उपजीविका मिळाली आणि काही जुन्या कलावतींची कला जिवंत राहिली, हेही खरे. तरी बाबेलच्या नदीकाठची मागणी आठवल्याशिवाय राहत नाही.

आता त्या बाईंनी कळवलेला एक प्रसंग पाहा. मूळ गावाहून नातेवाईक आले होते. जेवणे झाल्यावर एकाने सहज म्हटले, तू हुला शिकतेस ना, मग थोडे नाचून दाखव. बाईंनी नम्रपणे नकार दिला. शिकलेले नृत्य कुमूच्या संमतीवाचून दाखवायचे नाही, हा त्या हालाऊचा नियम. पाहुणे दुखावले, घरच्या माणसांपुढे एवढा कसला सोवळेपणा, असे म्हणाले. तो वाद त्या रात्री मिटला नाही, आणि नात्यात थोडे अंतर पडले ते पडलेच. बाईंनी लिहिले होते की त्या रात्री त्यांना स्तोत्रातील ती मागणी प्रथमच ऐकू आली, कारण ती त्यांच्याच भाषेत आणि त्यांच्याच माणसाच्या तोंडून आली होती. त्या माणसाच्या मनात वाईट काही नव्हते. बाबेलच्या त्या लोकांपैकीही काहींच्या मनात कदाचित नसेल. परंतु गाणे ज्याच्या दुःखातून आले आहे, त्या दुःखाशी काही देणेघेणे न ठेवता मागितलेले गाणे ही एक प्रकारची लूटच होय.

याच्या उलट बाजूला एक दुसरे गीत आहे. १८९५ साली राजवाड्यातील खोलीत कैदेत असताना लिलिउओकलानी राणीने एक प्रार्थनागीत रचले. त्यात ती लोकांच्या अपराधांची क्षमा मागते. हवाईयन मंडळ्यांतून ते आजही गायले जाते, आणि हे दांपत्यही ते गाते. विचार करा, वाचकहो. बंदिवान राणीचे गीत, तिच्याच भाषेत, तिला बंदिवान करणाऱ्यांच्या राष्ट्रातील दोन माणसे गात आहेत. गीत एकच, पण येथे ते मागून घेतलेले नाही. गाणारा त्यातील क्षमेचा विषय स्वतः होऊन गात आहे.

एका शब्दाचे भाषांतर

हवाईयन भाषेत कुलेआना असा एक शब्द आहे. एका पत्रात त्या गृहस्थांनी मला विचारले होते की याला मराठीत काय म्हणाल? त्याचा अर्थ हक्क असा होतो आणि जबाबदारी असाही. हे दोन वेगळे अर्थ नव्हेत. त्या लोकांच्या दृष्टीने ती एकच वस्तू आहे. एखाद्या खाचरावर तुझा कुलेआना आहे म्हणजे त्यातले अळू तू खावेस आणि त्याचा पाट तू साफ ठेवावास. अळूविषयीची त्यांची कथाही अशीच आहे. अळू हा मनुष्याचा थोरला भाऊ. थोरल्याने धाकट्याला पोसावे आणि धाकट्याने थोरल्याची निगा राखावी. अळूचे कंद शिजवून व कुटून केलेल्या पोईचे पात्र समोर उघडे असताना भांडू नये, असा तेथील संकेत आहे.

मराठीत हक्क म्हटले की जबाबदारी निसटते, आणि कर्तव्य म्हटले की आनंद निसटतो. वतन हा शब्द जवळचा वाटतो, कारण वतनात जमीन होती आणि सेवाही होती. परंतु महार वतनाने माणसांना पिढ्यान्‌पिढ्या कसे जखडून ठेवले, हे आपल्या मंडळ्यांतील अनेक घराण्यांना सांगण्याची गरज नाही. ज्या शब्दाला बेगारीचा वास आहे, तो प्रेमाच्या नात्याला लावता येणार नाही. अखेर मी त्यांना वाटा हा शब्द सुचवला. आपण वाटा मागतो आणि वाटा उचलतोही. पंगतीतला वाटा तो वाटाच आणि ओझ्यातला वाटाही वाटाच. योगायोग असा की हवाईत १८४८ साली जमिनीची जी मोठी विभागणी झाली, तिला माहेले म्हणजे वाटणी असेच नाव आहे. दोनच वर्षांनी परदेशीयांना जमीन विकत घेता येऊ लागली, आणि सामान्य हवाईयन कुळांच्या हाती एकूण जमिनीचा एक टक्काही आला नाही. वाटणी झाली की भाऊ वेगळे होतात हे आपल्या खेड्यापाड्यांत सर्वांना ठाऊक आहे. वाटा उचलला की परका जवळ येतो, हेही तितकेच खरे.

तेव्हा परक्याच्या गीतात आनंद मानण्याचा अधिकार कशाने मिळतो, याचे उत्तर मला या शब्दात दिसते. तो पैशाने मिळत नाही, आणि केवळ आवडीनेही नाही. ज्यांचे गीत आहे त्यांच्या ओझ्याचा वाटा जो उचलतो, त्याला पंगतीत पान मांडले जाते. तेही त्याने मांडून घ्यायचे नसते. यजमानाने मांडायचे असते.

न फिटणारे ऋण

एवढ्यावर थांबलो तर मात्र प्रश्न फार स्वस्तात सुटेल. या दांपत्याच्या शेजारी एक हवाईयन कुटुंब राहत होते. त्यांची दोन्ही मुले घरभाडे परवडेना म्हणून लास वेगास येथे गेली. हे एका घराचे दुःख नाही. २०२० च्या जनगणनेत असे दिसून आले की मूळ हवाईयन वंशाचे अर्ध्याहून अधिक लोक आता हवाईबाहेर राहतात. बाहेरून येऊन घरे घेणाऱ्यांमुळे किमती वाढतात, हे त्यामागील कारणांपैकी एक. म्हणजे ज्या लोकांची भाषा हे दोघे बुधवारी शिकतात, त्यांना तेथे राहणे अवघड करण्यात यांच्या नुसत्या असण्याचाही अंश आहे. हुला शिकल्याने घरांच्या किमती उतरत नाहीत.

बंदिवासात घरे बांधा, बागा लावा, त्या नगराचे कल्याण शोधा, असे यिर्मयाने कळवले होते, हे येथे कोणी पुढे करील. परंतु ते पत्र जबरदस्तीने नेलेल्या दुबळ्यांना होते. आपखुशीने, गाठीला पैसा घेऊन आलेल्यांना नव्हते. संदर्भ सोडून वचन वापरले की ते आपल्या सोयीचा वकील बनते. या दांपत्यानेही असा वकील उभा केला नाही. त्यांनी घराचा मागचा भाग पर्यटकांना न देता गावातीलच एका तरुण कुटुंबाला अल्प भाड्याने दिला, आणि आपल्या पश्चात घर कोणाकडे जावे याचा विचार चालवला आहे. यामुळे हिशेब पुरा झाला असे त्यांचे म्हणणे नाही. काही ऋणे फेडून संपत नाहीत. ती मान्य करून जगायची असतात. १९९३ साली, राज्य उलथून शंभर वर्षे झाल्यावर, त्या मिशनची वारस असलेल्या अमेरिकन मंडळीने हवाईयन लोकांची जाहीर क्षमा मागितली. त्याच वर्षी अमेरिकेच्या काँग्रेसनेही क्षमायाचनेचा ठराव केला. गेलेली जमीन त्याने परत आली नाही. तथापि ज्या घरात चूक चूक म्हणून उच्चारली जाते, त्या घरात पाहुण्याला निदान खरे बोलून बसता येते.

आपल्या अंगणात

हे सारे दूरच्या बेटांविषयी आहे असे मानून पान उलटू नका. आपल्यापैकी कित्येकांच्या दिवाणखान्याच्या भिंतीवर वारली चित्रे आहेत. ती मूळची लग्नघराच्या भिंतीवर स्त्रियांनी तांदळाच्या पिठाने काढायची. जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगापुढे नेली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली ते निवर्तले. पेल्यांवर आणि पडद्यांवर ती नाचणारी माणसे आपल्याला आवडतात. त्या माणसांच्या जंगलाचे आणि जमिनीचे काय झाले, हे विचारावेसे आपल्याला वाटते काय?

आपल्यापैकी बरेच जण इंदूर, बडोदे, हैदराबाद, बंगळूर येथे राहतात. तेथील सण, तेथील संगीत यांचा आस्वाद आपण घेतो. तेथील भाषा भाजीवाल्यापुरती शिकून थांबतो, की शेजाऱ्याच्या घरी मयत झाले असता चार शब्द बोलता येतील इतकी शिकतो? आणि स्वतःच्याच परंपरेविषयी काय? हुलाला जसे पाखंड ठरवले गेले, तसे टाळमृदंगाकडेही एके काळी आपल्यातील पुष्कळांनी संशयाने पाहिले. तेव्हाच्या अहमदनगर परिसरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले, आणि पुढे नारायण वामन टिळकांनी भजनाला मंडळीत घर दिले. त्या दोघांनी ओढ आणि नियम दोन्ही पत्करले, म्हणून ते गीत आज आपले आहे. आपण ते गातो. त्याचा वाटा किती उचलतो?

प्रकटीकरणाच्या अखेरीस राष्ट्रे आपापले वैभव त्या पवित्र नगरीत आणतात असे चित्र आहे. ती स्वतः आणतात. कोणी ते त्यांच्याकडून काढून आणत नाही. तोवर आपल्या हाती एवढेच आहे. परक्याचे गीत कानी आले तर ऐकावे, आवडले तर तसे मोकळेपणाने सांगावे, आणि शिकावेसे वाटले तर दाराबाहेर थांबून विचारावे. आतून होकार आला तर हात रिकामे ठेवून आत जाऊ नये, आणि नकार आला तर त्या घराशी वैर धरू नये.